खाण संपल्यावर जमीन पुन्हा कशी घडवतात? जर्मनीतल्या नव्या टेकड्या आणि तळी



उन्हाळा आला की जर्मनीतल्या मराठी कुटुंबांचा एखादा तरी रविवार तळ्याकाठी जातोच. लाइपत्सिगची मंडळी कोस्पुडेनर झे गाठतात, बर्लिन आणि ड्रेस्डेनकडची मंडळी झेन्फ्टेनबर्गच्या तळ्यावर जातात. कलोन-ड्यूसेलडॉर्फकडे राहणारे युलिशजवळच्या सोफियनह्योहे टेकडीवर चालायला जातात. डबा, सतरंजी, मुलांचे पोहण्याचे सामान असा सगळा जामानिमा असतो. पण यातले एकही तळे आणि ही टेकडी निसर्गाने केलेली नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. ही सगळी जागा एके काळी लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, उघड्या खाणींची होती.

मी शिक्षणाने इंजिनिअर आणि पोटापाण्याने संगणकवाला. खाणकाम हा काही माझा व्यवसाय नव्हे. पण 'खोदलेली जमीन पुन्हा जमिनीसारखी कशी करायची' हा प्रश्न मला फार आवडतो. त्याची उत्तरे जर्मनीत आपल्या डोळ्यांसमोर आहेत, आणि त्यातली काही फार महागात पडलेली आहेत. म्हणून ही माहिती.

मातीचा हिशेब

लिग्नाइट जमिनीत थरांनी असतो आणि त्याच्यावर वाळू, चिकणमाती आणि खडीचे जाड थर असतात. कोळसा काढायचा तर आधी हे सगळे उचलावे लागते. ऱ्हाइनलँडमधली हांबाख खाण सुमारे ४०० मीटर खोल गेली. तिथे वापरलेली चाकाची अवाढव्य यंत्रे दिवसाला २ लाख ४० हजार घनमीटरपर्यंत माल उचलू शकतात. खाण कोरडी राहावी म्हणून आजूबाजूचे भूजल वर्षानुवर्षे पंपाने उपसावे लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

खाण सुरू होते तेव्हा वरची माती टाकायला खाणीत जागाच नसते. ती बाहेर टाकावी लागते आणि तिची टेकडी होते. हांबाखची खाण १९७८ मध्ये सुरू झाली आणि तिच्या पहिल्या मातीतून सोफियनह्योहे उभी राहिली. ती आसपासच्या सपाट शेतांपेक्षा सुमारे २०० मीटर उंच आहे. पुढे कोळसा निघू लागला की मागच्या रिकाम्या भागात माती भरत यंत्रे पुढे सरकतात. शेवटी मात्र हिशेब जुळत नाही. जाळलेला कोळसा आणि बाहेर टाकलेली माती, एवढ्या आकाराचा खड्डा उरतो. त्यात पाणी भरले की तळे. टेकडी ही जमा बाजू आणि तळे ही खर्चाची बाजू म्हणा ना!

पूर्व जर्मनीत हा हिशेब एकदम अंगावर आला. १९८० च्या दशकात तिथे वर्षाला सुमारे ३० कोटी टन लिग्नाइट निघत होता. १९९० च्या एकीकरणानंतर थोड्याच वर्षांत बहुतेक खाणी बंद पडल्या. उरले उघडे खड्डे, भुसभुशीत उतार आणि खोल गेलेले भूजल. हे निस्तरण्यासाठी सरकारी मालकीची एलएमबीव्ही ही संस्था उभी राहिली. तिचे मुख्यालय झेन्फ्टेनबर्गला आहे. केंद्र आणि संबंधित राज्यांनी मिळून या कामावर आजवर १० अब्ज युरोहून जास्त खर्च केला आहे, आणि काम अजून संपलेले नाही.

टेकड्यांच्या तीन पिढ्या

खाणीच्या मातीला आकार देण्याची समज कशी वाढत गेली, हे बघायचे तर रूअर भागात जावे. तिथल्या खाणी भूमिगत होत्या (शेवटची डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली), पण टाकाऊ दगडमातीचा प्रश्न तोच. या टेकड्यांना जर्मनमध्ये 'हाल्डे' म्हणतात आणि त्यांच्या तीन पिढ्या मानतात.

१. पहिली पिढी टोकदार शंकूंची. वरून माल सोडला, जसा पडला तसा ढीग झाला. उतार तीव्र, पावसाने ओघळ पडणार, आणि आत उरलेला कोळसा कधी कधी धुमसत राहणार.

२. दुसरी पिढी पायऱ्यांची. सपाट माथा, सरळ उतार आणि ठरावीक उंचीवर आडवे टप्पे. ही टेकडी पहिलीपेक्षा सुरक्षित, पण लांबून पाहिली तर कुणी मोठे खोके ठेवल्यासारखी दिसते.

३. तिसरी पिढी 'भूदृश्य-वास्तूं'ची. यात उतार कमीजास्त ठेवतात, कडा वळणदार करतात, झाडी आणि पायवाटा आधीच आखतात. हेर्टेन आणि रेकलिंगहाउझेनच्या मधली होहेवार्ड ही अशीच. बोट्रोपच्या हाल्डेवर १९९५ पासून टेट्राएडर हा पोलादी मनोरा उभा आहे. मुलांना घेऊन चढायला झकास जागा आहे.

दुसरीकडून तिसरीकडे जाणे ही केवळ शोभेची गोष्ट होती का? नाही. त्यामागे पक्के कारण आहे, आणि ते म्हणजे पाणी.

नैसर्गिक उतार तसा का असतो?

आपल्या सह्याद्रीतली कुठलीही जुनी टेकडी आठवा. माथ्याजवळ उतार बाहेर फुगलेला असतो, मध्ये तीव्र होतो आणि पायथ्याशी आत वळून अलगद शेताला मिळतो. हा आकार हजारो वर्षे पडणाऱ्या पावसाने घडवलेला आहे. माथ्यावर पाणी थोडे, म्हणून तिथे काय तो उभारपणा टिकतो. खाली येता येता पाणी गोळा होत जाते, त्याचा जोर वाढतो, म्हणून तिथे उतार सौम्य असेल तरच माती टिकते.

आता मोजपट्टीने आखलेला सरळ उतार घ्या. वरपासून खालपर्यंत एकच कोन. सगळ्यात जास्त पाणी जिथे जमते तिथेही तोच तीव्रपणा. मग पाऊस पायथ्याकडे ओघळ कोरू लागतो आणि ओघळाची घळ होते. म्हणजे आपण न काढलेला उतार पाणी स्वतः काढायला घेते. आडवे टप्पे घातले तर पाणी टप्प्यावर तुंबते आणि एखाद्या कमकुवत जागी फोडून एकदम खाली धावते. शेताचा बांध फुटतो तसेच.

म्हणून आता जाणकार मंडळी नवी जमीन आखताना जवळच्या जुन्या, टिकलेल्या जमिनीचे मोजमाप घेतात. ओढे किती अंतरावर आहेत, त्यांना वळणे किती, एका ओढ्याला किती क्षेत्राचे पाणी येते, उतार कसा बदलतो. ही मापे संगणकावर घालून तशीच घडण भरावाला देतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या कोळसा खाणींवर आणि स्पेनमध्ये या पद्धतीने बरीच कामे झाली आहेत. थोडक्यात सूत्रे अशी:

- एक मोठे पाणलोट करण्याऐवजी अनेक लहान पाणलोट करावेत, म्हणजे पाणी कुठेच फार जमत नाही.
- पाण्याची वाट सिमेंटच्या सरळ गटारापेक्षा वळणाची असावी, म्हणजे वेग मरतो.
- उतार वर फुगीर आणि खाली खोलगट ठेवावा.
- माथ्याची रेषा एकसारखी नसावी. सावलीची बाजू, उन्हाची बाजू, ओली खळगी, कोरडा उंचवटा असे सगळे असले की झाडे आणि प्राणी आपापली जागा शोधतात.
- वरचा सुपीक थर वेगळा जपून ठेवावा आणि तो पसरल्यावर जड गाड्यांनी दाबू नये.

पण लागवड होईपर्यंत नव्या जमिनीचे नेमके काय होते? हे बघायला लाउझित्समध्ये एक सुरेख प्रयोग झाला. वेल्त्सो-स्यूड खाणीच्या भरावावर कॉटबुसच्या तांत्रिक विद्यापीठाने सुमारे ६ हेक्टरचे एक छोटे पाणलोट क्षेत्र मुद्दाम बनवले. खाली चिकणमातीचा थर, वर वाळू, आणि तळाशी एक लहान तळे. २००५ मध्ये ते तयार झाल्यावर काहीही न लावता नुसते सोडून दिले आणि मोजमाप सुरू ठेवले. त्याचे नाव ह्यूनरवासर, म्हणजे 'कोंबडीचे पाणी'. पहिल्या काही वर्षांत उघड्या वाळूवर पावसाने भराभर ओघळ कोरले, वाळू तळ्यात वाहून गेली. मग गवत आणि रोपे आपोआप उगवली आणि ओघळांची वाढ मंदावली. यातून शिकण्यासारखे हे, की नव्या जमिनीची सगळ्यात नाजूक वर्षे पहिलीच असतात. तेवढी वर्षे तिला सांभाळेल असा आकार आधीच द्यावा लागतो.

माती बनवावी लागते

आकार नीट झाला तरी वरचा थर मेलेला असेल तर काही उगवत नाही. ऱ्हाइनलँड या बाबतीत नशीबवान. तिथे वरच वाऱ्याने आणलेली लोस नावाची अत्यंत सुपीक माती आहे. शेतीसाठी जमीन परत करताना भरावावर या मातीचा सुमारे २ मीटर जाड थर घालतात. पहिली तीन वर्षे तिथे लसूणघास लावतात. त्याची मुळे खोल जातात, माती भुसभुशीत होते आणि नत्र मिळते. त्यानंतर गहू वगैरे पिके घेतात, आणि एकूण सुमारे सात वर्षे अशी काळजी घेतल्यावरच जमीन शेतकऱ्याच्या ताब्यात जाते. जंगलासाठी लोस आणि खडी यांचे मिश्रण वापरतात. सोफियनह्योहेवर आजवर सुमारे एक कोटी झाडे-झुडपे लावली गेली आहेत.

लाउझित्समध्ये गोष्ट उलटी. तिथल्या खोल थरांतल्या वाळूत लोह आणि गंधकाचे खनिज असते. हवा आणि पाणी लागले की त्यातून गंधकाम्ल तयार होते. त्यामुळे जमिनीत चुना किंवा वीजकेंद्रांची राख खोलवर मिसळावी लागली. काही तळ्यांचे पाणी तर इतके आंबट की बोटीतून चुना टाकून ते सुधारावे लागते. श्प्रे नदीचा रंग काही ठिकाणी तपकिरी दिसतो, तो याच लोहामुळे.

खालून परत येणारे पाणी

आता सगळ्यात गंभीर भाग. खाण चालू असताना भूजल उपसलेले असते. खाण बंद झाली, पंप थांबले की ते हळूहळू वर येते आणि भरावात शिरते.

डब्यात रवा भरताना आपण डबा ओट्यावर आपटतो आणि रवा खाली बसतो. कारण कणांमधली पोकळी कमी होते. खाणीच्या भरावातली वाळू अशीच सैल पडलेली असते, न आपटलेल्या डब्यासारखी. ती कोरडी आहे तोवर ठीक. पण पोकळीत पाणी भरले आणि मग छोटासा धक्का बसला, तर कणांना खाली बसायचे असते आणि पाण्याला लगेच निघायला वाट नसते. क्षणभर कण एकमेकांवर टेकलेले राहतच नाहीत, पाण्यात तरंगतात. घट्ट दिसणारी जमीन खिरीसारखी वाहू लागते. वरचे गवत, झाडे, वाट, सगळे तसेच असते. बाहेरून काहीच कळत नाही.

१२ ऑक्टोबर २०१० रोजी श्प्रेटाल परिसरातल्या बेर्गेन इथे असेच झाले. सुमारे ११० हेक्टर भराव अचानक वाहू लागला. काम करणाऱ्या गाड्या आणि चरणारी मेंढरे त्यात सापडली. त्यानंतर लाउझित्समधली हजारो हेक्टर भरावाची जमीन पुन्हा तपासून बंद करण्यात आली. झेन्फ्टेनबर्गच्या तळ्यात १९७३ पासून लोक पोहतात. तरीही सप्टेंबर २०१८ मध्ये तिथल्या बेटाचा काही भाग घसरला आणि तळ्याचा काही भाग बंद करावा लागला. म्हणजे पंचेचाळीस वर्षे उलटली तरी सैल वाळू सैलच होती.

आणि नाख्टरश्टेट. जाक्सन-अनहाल्ट राज्यातले हे गाव जुन्या खाणीत तयार होणाऱ्या कॉन्कॉर्डिया तळ्याच्या काठी आहे. १८ जुलै २००९ च्या पहाटे काठाचा मोठा तुकडा तळ्यात कोसळला. त्याच्याबरोबर एक संपूर्ण घर, दुसऱ्या घराचा भाग आणि रस्ता गेला. तीन माणसे गेली. काठावरची वस्ती कायमची रिकामी करावी लागली. अनेक वर्षे चाललेल्या तपासणीनंतर २०१३ मध्ये तज्ज्ञांनी मुख्य कारण सांगितले ते खोल थरात कोंडलेल्या भूजलाच्या दाबाचे. तळ्याचा काही भाग लोकांसाठी पुन्हा उघडला तो २०१९ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी.

ही माणसे काही धोक्याच्या जागी फिरायला गेली नव्हती. ती आपल्या घरात झोपली होती.

मग उपाय काय करतात?

पहिला उपाय भराव दाबून घट्ट करण्याचा. एक लांब कंप पावणारी नळी जमिनीत खोल उतरवतात. तिच्या थरथरण्याने वाळू खाली बसते, म्हणजे रव्याचा डबा मुद्दाम आपटायचा. कुठे कुठे ही नळी ५० मीटरपर्यंत खाली न्यावी लागते. काही ठिकाणी छोटे सुरुंग लावून तेच काम करतात. सगळा भराव असा दाबणे परवडत नाही. म्हणून काठाच्या मागे एक रुंद पट्टा घट्ट करतात. त्याला 'लपलेला बांध' म्हणतात. त्याच्या मागची सैल वाळू वाहिली तरी बांध तिला तळ्यात जाऊ देत नाही. वरून पाहणाऱ्याला तिथे नुसते गवत दिसते.

दुसरा उपाय काठाचा उतार. पाण्याच्या पातळीजवळ लाटा सतत माती खातात. म्हणून तिथे उतार अगदी सौम्य ठेवतात, २० मीटर आडवे गेल्यावर १ मीटर खाली इतका. आपल्याला आवडणारी उथळ, लांबलचक चौपाटी ही मुळात सुरक्षेसाठी केलेली असते!

तिसरा उपाय तळे लवकर भरण्याचा. नदीचे पाणी आणून तळ्याची पातळी आजूबाजूच्या भूजलाच्या वर ठेवली, तर पाणी तळ्यातून काठात जाते आणि काठाला आधार मिळतो. हळूहळू भरले तर उलटे होते, भूजल काठातून तळ्यात येताना माती ओढून आणते. पण नदीला पाणी हवे ना! कॉटबुसच्या ओस्टझेमध्ये पाणी सोडायला एप्रिल २०१९ मध्ये सुरुवात झाली आणि लगेच दुष्काळी वर्षांनी अडथळे आणले. हांबाखचे तळे ऱ्हाइनच्या पाण्याने भरायची योजना आहे. तिथला कोळसा थांबल्यावर ते पूर्ण भरायला सुमारे ४० वर्षे लागतील असा अंदाज आहे. आज बालवाडीत असलेली आपली मुले तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील.

आपल्याकडचा प्रश्न

हे वाचताना विदर्भातल्या मंडळींना चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेड आठवले असेल. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उघड्या खाणींशेजारी मातीचे ढिगारे आहेत. कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाण बंद करण्याच्या आराखड्याचे नियम केले आणि त्यासाठी कंपनीने आधीच पैसे बाजूला ठेवावेत अशी तरतूद केली. हे चांगलेच झाले. पण जर्मनीचा आराखडा उचलून तिथे चिकटवता येणार नाही. लाउझित्समध्ये वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस बाराही महिन्यांत विभागून पडतो. चंद्रपूरला त्याच्या जवळपास दुप्पट पाऊस बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. शिवाय वर्धेच्या खोऱ्यात काळी माती आहे. ती भिजली की फुगते आणि तिचा जोर जातो. डिसेंबर २०१६ मध्ये झारखंडमधल्या ललमटिया इथे खाणीचा ढिगारा कोसळून वीसहून अधिक कामगार गेले. गोव्यात लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांची माती पावसाळ्यात शेतात आणि ओढ्यांत उतरते, हेही आपण ऐकलेले आहे.

जर्मनीकडून घ्यायची ती पद्धत. आधी पाण्याची वाट ठरवायची, मग मातीचा आकार, आणि झाडे सगळ्यात शेवटी. वृक्षारोपणाचा फोटो छान येतो, पण मुळे फार तर वरचे दोन-तीन मीटर धरतात. ढिगारा त्याच्या खालूनही सरकू शकतो.

एक गोष्ट आकारात मावत नाही. हांबाखसाठी लिश-श्टाइनश्ट्रास हे गाव उठवले गेले. सोफियनह्योहेच्या सर्वांत उंच भागाला आज श्टाइनश्ट्रासर वाल म्हणतात. लाउझित्समध्ये तर शंभराहून अधिक वस्त्या गेल्या, त्यात सोर्बियन भाषा बोलणाऱ्यांची गावेही होती. जमीन पुन्हा घडवता येते, गाव मात्र नावापुरतेच उरते.

फिरायला जाताना

या जागा बघण्यासारख्या आहेत, जरूर जा. शरद ऋतूत लुकाऊजवळच्या वानिन्खेनला जुन्या खाणीच्या पाणथळीवर हजारो क्रौंच उतरतात. तिथली जमीन बरीचशी निसर्गावर सोपवली आहे. फक्त पुढचे शब्द पाट्यांवर ओळखता यायला हवेत, आणि मुलांनाही शिकवा:

- बेट्रेटन फरबोटन: आत जाण्यास मनाई
- लेबेन्सगेफार: जिवाला धोका
- श्पेरबेराइश: बंद केलेले क्षेत्र
- रुट्शुंग: जमीन घसरणे
- किप्पे: खाणीच्या मातीचा भराव
- ब्योशुंग: उतार, काठाची उतरण

जिथे पोहायची जागा आखून दिली आहे तिथेच पोहा. कुंपणापलीकडचा काठ अलीकडच्यासारखाच हिरवा आणि शांत दिसेल, एखादी छान वाटही दिसेल. फरक असतो तो जमिनीखाली. अलीकडची वाळू कुणीतरी दाबून घट्ट केली आहे, पलीकडची अजून नाही. पाटी आहे म्हणजे कुणीतरी ते मोजून पाहिले आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

आपल्या जवळपास अशी एखादी टेकडी किंवा तळे असेल तर जरूर कळवा. पुढच्या सहलीचे ठिकाण ठरवायला उपयोग होईल.